जिलबी, पुरे!

भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प करण्याचा आपल्याकडचा फार जुना प्रयोग आदिपर्वात आहे. पांडवांच्या शिकारीच्या लवाजम्यातलं कुत्रं वनात एकलव्याला बघून भुंकायला लागलं आणि एकलव्यानं आवाजाच्या रोखानं सात बाण त्याच्या तोंडात असे मारले, की भुंकणं जागच्या जागी थांबलं. पांडव थक्क झाले, अर्जुन खट्टू झाला, द्रोणाचार्यांच्या कानावर गेलं आणि शेवटी एकलव्याचा अंगठा गेला. या गोष्टीवरून निष्ठेबद्दल, गुरुदक्षिणेबद्दल आणि अन्यायाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. पण दुसऱ्याचं कुत्रं गप्प करायला जाऊ नये, महागात पडतं, हा साधा धडा कुणी काढलेला माझ्या वाचनात नाही. स्वतःचं कुत्रं गप्प करायला गेलं तर काय होतं, याबद्दल व्यास काही बोलत नाहीत. तेवढी उणीव मी भरून काढतो.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिथे मला डेसिबलकाका म्हणतात. नाव पोरांनी ठेवलं असलं तरी कमावलेलं मी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे मी स्वखर्चानं लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावलंय. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप आहे. कुणी बारशाला माइक लावला, कुणी रविवारी दुपारी भिंतीला ड्रिल लावलं, की मी फोन उंचावून दारात हजर. एका कोजागरीला गच्चीवर गाण्याच्या भेंड्या ऐन रंगात आल्या असताना, दहाच्या ठोक्याला मी त्या बंद पाडल्या. त्या रात्री आटवलेलं दूध सगळ्यांना मिळालं. माझ्यापर्यंत येईस्तोवर पातेलं नेमकं संपलं.

अशा माणसाच्या घरी बीगल आली.

आणली मुलानं. शिकत होता तोवर त्यानं सांभाळली, मग बंगळुरूला नोकरी लागली. ‘बाबा, पीजीत कुत्रं चालत नाही. दोनच महिने ठेवा. ती खूप शांत आहे,’ म्हणाला. ‘शांत’ म्हणताना त्यानं माझ्याकडे न बघता बुटाची नाडी बांधली होती, हे मला नंतर आठवलं. तिचं नाव जिलबी. तपकिरी, काळी, पांढरी अशी तीन रंगांची, जमिनीला टेकायला आलेले कान आणि शेपटीचं टोक पांढरंशुभ्र. हे पांढरं टोक शोभेचं नाही. बीगल ही इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी तयार झालेली जात. कुत्री वास काढत पुढे पळायची, शिकारी पायी मागून यायचे. उंच गवतात टोक दिसावं म्हणून शेपूट उभी, आणि टोकही दिसेनासं झालं तर कुत्री कुठे आहेत ते दोन शेतांपलीकडून कळावं म्हणून तो आवाज. ज्या आवाजाबद्दल सोसायटीत माझ्यावर तक्रार झाली, तो इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखून, निवडून, जपून घडवलेला होता. आमच्या वन बीएचकेत ससे नाहीत, एवढाच काय तो अडथळा होता आणि तो जिलबीनं मनावर घेतला नाही.

तिला तीन आवाज होते. एक साधं भू-भू. ते दूधवाला, इस्त्रीवाला आणि कुरिअर यांच्यासाठी. दुसरं आभाळाकडे तोंड करून लांबवलेलं ऊऽऽऽ. ते आम्ही बाहेर गेलो की. तिसऱ्या आवाजाला मराठीत शब्द नाही. भुंकता भुंकता रडायला यावं आणि रडता रडता काही जुनं येणं आठवावं, असा तो आवाज होता. तो दुपारच्या चहाच्या वेळी, माझ्या बशीतल्या खारी बिस्किटाकडे बघून निघायचा.

पहिल्या सकाळी दूधवाला आला, ती भुंकली आणि मी कोणताही सुसंस्कृत माणूस करील तेच केलं. ओरडलो. ‘जिलबी, गप!’ तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत कृतज्ञता दाटून आली. मग ती दुप्पट जोमानं दाराकडे वळली. मी परत ओरडलो, ती परत भुंकली. असं आमचं बराच वेळ रंगलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अहो, दूधवाला केव्हाच खाली गेला. आता तुम्ही दोघं कुणावर भुंकताय?’ मी सवयीनं अ‍ॅप उघडलं. जिलबी ८८. मी ९१. जगातल्या एका कुत्र्याच्या सर्वांत मोठ्या भुंकण्याचा विक्रम ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरनं २०१२ साली केला, ११३.१ डेसिबल. त्यापुढे आम्ही दोघंही किरकोळ होतो. पण लिफ्टशेजारच्या माझ्या लॅमिनेट केलेल्या कागदावर चार्लीचा उल्लेख नव्हता.

आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळी सोसायटी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणते. त्या भांडायला वर आल्या नाहीत. त्यांनी शंभर पानी वही आणली, पट्टीनं समास आखला आणि नोंदी सुरू केल्या. हे मला वॉचमनकडून कळलं. मी हसलो. हजेरीपत्रकाची सवय सुटत नाही, म्हणालो.

मग उपाय सुरू झाले. आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे, कारण अचानक वाढलेल्या भुंकण्यामागे कानाचं, दाताचं किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं. त्यांनी कान पाहिले, दात पाहिले, पोट दाबलं, छातीला नळी लावली आणि म्हणाले, ‘एकदम ठणठणीत. फुप्फुसं तर फारच छान आहेत.’ तेवढ्यात ती भुंकली. स्टेथोस्कोप कानातच होता. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढायला सांगितली. मोहरी तडतडली आणि जिलबी तिच्यावर भुंकली. मित्राने सांगितलं, पत्र्याच्या डब्यात नाणी घाल आणि भुंकली की खळखळ वाजव, दचकून गप्प होते. पहिल्यांदा झाली. दुसऱ्यांदा तिनं डबा हुंगला. त्यानंतर डबा वाजला की आपण भुंकायचं असतं, असा अर्थ तिनं लावला. शुक्रवारी जोगवा मागायला येणाऱ्या बाईंच्या परडीत सुटे पैसे वाजले, आणि पुढचं मी सांगत नाही.

मग मी शास्त्राकडे वळलो. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. या फरकाचा उपयोग करून फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं १८७६ च्या सुमाराला माणसाला न ऐकू येणारी शिट्टी बनवली. तिची आजची आवृत्ती मी ऑनलाइन मागवली. डेसिबलकाकाला याहून शोभणारं हत्यार असूच शकत नव्हतं : आवाजावर उपाय, तोही बिनआवाजाचा. बाल्कनीत उभा राहून गाल फुगवून मी ती फुंकली. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून आणखी जोरात फुंकली. समोरच्या इमारतीतले आजोबा वर्तमानपत्र खाली करून बघायला लागले. लांबून बघणाऱ्याला एक गृहस्थ पहाटे बाल्कनीत उभा राहून, डोळे वटारून, आवाज न करता कशावर तरी जिवाच्या आकांतानं फुंकतोय, एवढंच दिसत होतं. जिलबीनं मान तिरकी केली. पण गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना ऐकू गेलं. चहाच्या टपरीखालचं काळं, कचराकुंडीजवळचं लंगडं, शेजारच्या सोसायटीचे दोघे, सगळी आमच्या गेटसमोर जमून वर बघायला लागली. आपल्याला भेटायला एवढं गणगोत आलंय हे पाहून जिलबीनं त्यांना संबोधित केलं. त्यांनी उत्तर दिलं. त्या दिवशी बाईंच्या वहीत पान पुरलं नाही.

यानंतर पट्ट्याची जाहिरात दिसली. कुत्रं भुंकलं की गळ्यातल्या पट्ट्याला कळतं आणि तो सिट्रोनेलाचा फवारा सोडतो. मुलाला फोन केला. आधी त्याला वाटलं मी विजेचा झटका देणारा पट्टा म्हणतोय. त्यानं मला त्यावर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे हे सुनावलं. फवाऱ्याचा आहे म्हटल्यावर म्हणाला, ‘तोही आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघा, बाबा.’ चेष्टेत म्हणाला असणार. मी घातला. आरशासमोर उभा राहून सौम्यपणे ‘भू’ म्हणालो. काही नाही. जरा मोठ्यानं म्हणालो. काही नाही. यंत्र बिघडलेलं दिसतंय, अशी खात्री पटली तेवढ्यात चेअरमनचा फोन आला. पार्किंगचा विषय होता आणि त्या विषयावर मी हळू आवाजात कधी बोललेलो नाही. पट्ट्यानं पहिला फवारा हनुवटीवर सोडला. मी ओरडलो म्हणून दुसरा सोडला. दुसऱ्यामुळे तिसरा. चेअरमन पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत होते. बायको आली, वास घेतला आणि म्हणाली, ‘गवती चहा टाकलात का? मलाही अर्धा कप.’ सिट्रोनेला आणि गवती चहा एकाच कुळातले आहेत, हे मला त्या दिवशी डोळे धुताना वाचायला मिळालं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर ‘विषय क्र. ४ : सदनिका ३०२ मधील श्वानाचा आवाज’ असं छापून आलं. मी तयारीनिशी गेलो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भुंकणं ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे, सोसायटीनं ते सहन करायला हवं, हेही त्यात आहे. हे मी उभा राहून, योग्य तिथे थांबत वाचलं. सभागृह शांत झालं. साताऱ्याचे एक सभासद भारावून उठले. संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, त्याच्या भुंकण्यानं महाराजांचा जीव वाचला असं सांगतात, कुत्र्याला जहागीर होती, वगैरे त्यांनी सांगितलं. वातावरण माझ्या बाजूनं फिरत होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या, ‘अहो डेसिबल, पुढचं वाक्य वाचा.’

पुढचं वाक्य मी वाचलं नव्हतं. म्हणजे घरी वाचलं होतं. सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना नक्कीच त्रास होतो, तेव्हा आपला प्राणी शांत ठेवा, विशेषतः रात्री, असा त्याचा आशय आहे.

‘मोठ्यानं,’ बाई म्हणाल्या.

मी मोठ्यानं वाचलं. चेअरमननी खिशातून स्वतःचा फोन काढून उंच धरला. त्यांनीही अ‍ॅप घेतलं होतं.

शेवटी मी जे आधी करायला हवं होतं ते बायकोनं केलं. कुत्र्यांना शिकवणारी एक मुलगी शोधून काढली. विशीतली, स्कूटरवरून आली, जीन्सच्या खिशात चीजचे तुकडे. मी तिला जिलबीच्या आवाजाचे आकडे, वेळ, दिशा, सगळं सांगायला घेतलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, ती नेमकी कशाकशावर आणि कधी भुंकते, त्याची काही नोंद आहे?’

बायको म्हणाली, ‘आहे.’

बाईंनी वही दिली. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहत होतो. चार रकाने : वेळ, प्रकार, अवधी, शेरा. अक्षर टपोरं. ‘७.१० – दूधवाला. आखूड, तुटक. कर्तव्यभावना.’ ‘११.४० – कुरिअर. खालपासून दारापर्यंत चढत्या क्रमानं.’ ‘४.३० – मागणी. (खारी?)’ ‘सायं. ७ ते ८ – घरी कुणी नाही. दीर्घ, ओढलेला. हे ऐकवत नाही.’ मधूनमधून तांबड्या शाईत वेगळ्या नोंदी होत्या. ‘७.१२ – मालक.’ ‘११.४१ – मालक (पुन्हा).’ ‘४.३२ – मालक, अपशब्दासह.’ एका पानाच्या तळाशी बेरीज केलेली होती. निळी कमी आणि तांबडी जास्त निघाली होती. खाली शेरा : ‘सुधारणेस वाव.’

मुलगी वही बघून हरखली. बुडापेस्टच्या ओतवॉश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी मुदी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून माणसांना ऐकवलं होतं, आणि परक्यावरचं भुंकणं कोणतं, एकटेपणातलं कोणतं, खेळातलं कोणतं, हे लोकांना नुसत्या आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता आलं होतं, असं तिनं सांगितलं. हा प्रयोग आमच्या दुसऱ्या मजल्यावर बाईंनी एकटीनं, छतातून ऐकून करून ठेवला होता. मी इतके दिवस सगळ्याला एकच नाव देत होतो, ८८ डेसिबल.

मग तिनं एकेक रकाना समजावला. कुरिअरचं बघा, म्हणाली. माणूस येतो, जिलबी भुंकते, माणूस निघून जातो. तो पाकीट देऊन झालं म्हणून जातो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या हिशेबी तो तिच्यामुळे गेला. उद्या परत येतो, परत भुंकून घालवावा लागतो, परत जातो. दूधवाला गेला, इस्त्रीवाला गेला, कचऱ्याची गाडी गेली. एकही हार नाही. असा निकाल लागत असताना ती नोकरी कशाला सोडेल? ‘आणि तुम्ही ओरडता तेव्हा तिला वाटतं, बरं झालं, काका पण आले.’

चहाच्या वेळचं मात्र वेगळं होतं. ‘तेव्हा ती भुंकली की तुम्ही काय करता?’

‘दुर्लक्ष करतो,’ मी म्हणालो.

‘कधीकधी खारी देतात,’ बायको म्हणाली.

‘कधीकधी!’ मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली. ‘रोज दिली असतीत तरी परवडलं असतं.’ आणि तिनं स्किनरचं सांगितलं. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने चार्ल्स फर्स्टरबरोबर कबुतरांवर अगणित प्रयोग करून १९५७ साली जाडजूड ग्रंथच लिहिला. दर वेळी मिळणारं बक्षीस थांबलं की प्राणी लवकर नाद सोडतो. कधी मिळणार, कधी नाही, हे ठरलेलं नसलं की मात्र तो आशेवर चोच मारत राहतो, मारतच राहतो. काहीच न देण्याचा निश्चय केलात तर आधी भुंकणं वाढेल, ती सगळा जोर लावून बघेल. तेव्हा कंटाळून एक तुकडा दिलात, तर एवढा जोर लावला की मिळतं, हे तिला कायमचं कळेल.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. कारण जिलबी नव्हती.

आमच्या गेटसमोर एक खड्डा आहे. त्याबद्दल मी एका कार्यालयाला, नाव कशाला घ्या, गेली कित्येक वर्षं पत्रं लिहितोय. मूळ प्रत, स्थळप्रत, सोबत छायाचित्र. उत्तर येत नाही. एखादा शहाणा माणूस केव्हाच थांबला असता. पण एकदा, कुणा बड्या पाहुण्याचा ताफा या रस्त्यानं जाणार होता त्याच्या आदल्या रात्री, खड्डा अचानक बुजला. माझं पत्र बरोबर त्याआधीच्या आठवड्यात गेलेलं होतं. पुढच्या पावसात खड्डा परत आला आणि मी दुप्पट पत्रं लिहू लागलो. माझी बायको याला चिकाटी म्हणते, शेजारी दुसरं काही म्हणतात. स्किनरनं याचा आलेख काढून ठेवलाय. त्या कार्यालयानं मला एकदाच, चुकून, खारी दिली होती.

आणि जिलबीचं? ती भुंकली की माणूस जातो. मी आयुष्यभर नियम, कलमं आणि परिशिष्टं जोडून भुंकलो, पण माझ्या पत्रानं कुणी गेलं नाही की कुणी आलं नाही. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. भुंकणं बंद करायचा उपाय काय, तर ते वाया जायला हवं. माझं वाया जात होतं, तरी सुटत नव्हतं. तिचं फळत होतं आणि मी तिला सांगत होतो, गप!

असो. उपाय साधे होते, पण करताना शोभा झालीच. बाल्कनीच्या जाळीला आतून अर्ध्या उंचीपर्यंत धुरकट कागद चिकटवला, म्हणजे खालची वर्दळ तिला दिसू नये. ‘बोल’ म्हटलं की भुंकायचं आणि ‘पुरे’ म्हटलं की थांबायचं, हे दोन्ही शिकवायचं होतं. ‘बोल’ ती एका क्षणात शिकली. सकाळचं फिरणं वाढवलं, तेही माझ्या वेगानं नाही. प्रत्येक खांब, प्रत्येक झाड, प्रत्येक टायर तिनं मनसोक्त हुंगायचा आणि मी उभं राहायचं. नाक थकलं की तोंडही थकतं, मुलगी म्हणाली. हुंगण्याच्या या रेंगाळण्यामुळे मला परिसरातल्या सगळ्या खड्ड्यांची पाहणी करता आली, पण तो विषय वेगळा.

दाराची बेल हे मोठं प्रकरण होतं. आमची बेल आरतीच्या चालीची. ती फोनवर ध्वनिमुद्रित केली, आणि अगदी बारीक आवाजात वाजवायची, जिलबी भुंकायच्या आत चटईवर चीजचा तुकडा टाकायचा. मग आवाज हळूहळू वाढवायचा. बेल म्हणजे चोर आला, याऐवजी बेल म्हणजे चटई आणि चीज, एवढाच बदल तिच्या डोक्यात करायचा होता. पावलोवला १९०४ चं नोबेल पचनाच्या अभ्यासाबद्दल मिळालं होतं. कुत्र्याच्या लाळेवरून तो याच रस्त्याला लागला. जिलबी इतकी छान शिकली, की गणपतीत चौथ्या मजल्यावर आरती सुरू झाली आणि ती धावत जाऊन चटईवर बसली, डोळे मिटून, जीभ बाहेर. वरच्या वहिनी प्रसाद घेऊन आल्या होत्या. ‘किती भाविक आहे हो!’ म्हणाल्या. मी चीजबद्दल काही बोललो नाही. प्रसादातल्या मनुका मात्र काढून ठेवल्या. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना त्या घातक असतात.

एकटेपणाचा उपाय सर्वांत कठीण गेला. चपला घालायच्या, किल्ल्या वाजवायच्या, बाहेर पडून दार ओढायचं आणि ती ऊऽऽऽ सुरू करायच्या आत परत यायचं. आधी अगदी क्षणभर, मग जरा जास्त, मग आणखी. तिला एकटं ठेवायचं तर दोघांनीही बाहेर जायला हवं. त्यामुळे बायको आणि मी, दोघं बंद दाराला कान लावून जिन्यात उभे. आधी चेअरमन गेले. ‘किल्ली विसरलात?’ मी म्हणालो, ‘नाही.’ मग ते थोडा वेळ थांबले, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता गेले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला थेट बायकोला म्हणाला, ‘ताई, आतून कडी कुणी लावली?’ सोसायटीत बातमी पसरली की ३०२ मध्ये कुत्रीनं म्हाताऱ्यांना बाहेर काढलंय. एका सहृदय वहिनींनी जिन्यात दोन खुर्च्या ठेवल्या.

दिवाळीला मात्र काही शिकवायचं नाही, असं बजावून ठेवलेलं होतं. फटाक्यांचं भुंकणं भीतीचं असतं; त्याला ‘पुरे’ म्हणण्यात अर्थ नाही. आतल्या खोलीच्या खिडक्या बंद, पंखा मोठा, रेडिओ लावलेला आणि कपाटाशेजारी तिची चादर. पाडव्याच्या रात्री साडेदहानंतर आमच्याच सोसायटीतल्या पोरांनी लवंगी माळ लावली. मी फोन घेऊन उठलो, अ‍ॅप उघडलं, बाल्कनीत गेलो आणि छाती भरून ओरडलो. तांबड्या शाईचं पान तयार झालं, हे मला ओरडताना कळत होतं.

आता जिलबी दूधवाल्यावर दोनदाच भुंकते आणि चटईवर जाते. कुरिअर आला की माझ्याकडे बघते. पगार देणाऱ्याकडे बघतात तसं. चहाच्या वेळी तिसरा आवाज बंद झालाय, कारण खारीच बंद झालीय, मलाही. बाईंच्या वहीत निळ्या नोंदी विरळ झाल्या. तांबड्या मात्र वाढल्या. जिलबी गप्प बसली की लगेच, त्याच क्षणी कौतुक करायचं असतं, आणि तिचा दूधवाला साडेसहाला यायला लागलाय. ‘शाब्बास जिलबी! वाऽऽ! गुणाची पोर माझी!’ हे आनंदात म्हटलं की ९१ च्या खाली येत नाही. चेअरमननी लॅमिनेट केलेल्या माझ्या कागदाचा फोटो काढून मलाच पाठवला.

बाईंनी तक्रार केली नाही. त्या मुलीशी त्या हल्ली बराच वेळ बोलत असतात. मागच्या आठवड्यात एका सकाळी मी विसरून नुसतंच जिलबीच्या डोक्यावरून हात फिरवला, काही न बोलता. सातच्या आत बाई दारात. हातात वाटी, वाटीत बेसनाचा लाडू. ‘आज किती छान शांतता होती हो,’ म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी ओरडलो; लाडू नाही. तिसऱ्या दिवशी हात फिरवला, लाडू. चौथ्या दिवशीही गप्प राहिलो, पण लाडू आला नाही. पाचव्या दिवशी परत आला.

ही पद्धत मला पूर्ण माहीत आहे. स्किनर माहीत आहे, फर्स्टर माहीत आहे, कबुतरं माहीत आहेत. बायको तर तोंडावर हसते. पण लाडू साजूक तुपातला असतो आणि वॉचमन म्हणतो, बाईंनी पुढच्या महिन्यासाठी अनारशाचं पीठ भिजवायला घेतलंय.